संध्याकाळी पाच ते आठ

आमच्या गावच्या वाचनालयाची वेळ संध्याकाळी पाच ते आठ. दारावर निळा पत्रा आहे, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ती लिहिलेली आहे, आणि मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ती बदललेली नाही. पाच वाजता वाचनालय उघडतं तेव्हा मी खळ्यात वाळत घातलेलं गोळा करत असते. उन्हाळ्यात सोलं आणि फणसपोळी, पुढे भात, एरवी कपडे आणि जळण. मग चहा, तुळशीपुढे दिवा, भाताचं आधण, माशांचं कालवण. आठ वाजता वाचनालयाला कुलूप लागतं तेव्हा मी ताटं वाढत असते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. माहेरी रात्री कंदिलाशी पुस्तक धरून बसायची आणि आईची बोलणी खायची. सासरी आल्यावर चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला वाचायला वेळ होत नाही. वेळ होत नाही म्हटलं की दोष आपोआप आपल्या पदरात पडतो. ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांच्या घरी संध्याकाळचा भात दुसरं कोणीतरी शिजवत होतं, हे लक्षात यायला मला साठी ओलांडावी लागली.

म्हणून हे लिहिते आहे. लग्न झालेल्या बाईला स्वतःचा एखादा छंद असणं, आणि तोही पै न मिळवणारा छंद, ही तिची घरगुती हौस म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. गावाने त्याची सोय करायला हवी. पाणी आणि रस्त्यावरचे दिवे यांची करतो तशी.

आमचं लग्न १९७९ सालचं. हे तेव्हा परळच्या एका गिरणीत होते आणि लालबागला गावकऱ्यांच्या गाळ्यात राहत. एका खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीप्रमाणे झोपणारी. जेवण खानावळीत. तिथे बायकोला कुठे नेणार? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हे वर्षभर गावी होते. ते वर्ष पैशांच्या ओढाताणीतच गेलं. पुढे गिरणी काही यांच्यासाठी उघडली नाही. मग वॉचमनची नोकरी, पुन्हा मुंबई. गणपतीत दहा-बारा दिवस, शिमग्याला किंवा मे महिन्यात तेवढेच. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा प्रवास सोपा झाला, सुट्टी मात्र तेवढीच राहिली. हे कायमचे घरी आले २०१३ साली. संपाचं वर्ष सोडून मी एकदा हिशेब केला. तेहतीस वर्षांत आम्ही एका छपराखाली राहिलो ते दिवस जोडले तर सव्वादोन वर्षं भरतात.

ही एकट्या आमच्या घरची कथा नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या. रत्नागिरी जिल्ह्यात त्या ११२२ होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. हे आकडे वाचून कोकणात मुलींचं किती कौतुक असं काहीजण म्हणतात. मला त्या आकड्यांत मनिऑर्डरची वाट बघणाऱ्या बायका दिसतात. आमच्या वाडीत माझ्या वयाच्या ज्या जोड्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांचा संसार साठीनंतर सुरू झाला.

आणि तो सुरू होणं सोपं नव्हतं. मी बिनसाखरेचा चहा घेते हे यांना माहीत नव्हतं. यांना दिवा लावून झोपायची सवय आहे हे मला माहीत नव्हतं. गाळ्यात कोणी ना कोणी रात्रपाळीचं येत-जात असायचं, त्यामुळे दिवा कधी बंदच होत नसे. पहिले सहा महिने हे पडवीत बसून माझ्याकडे बघत राहायचे आणि मी त्यांच्या बघण्याने हैराण व्हायचे. प्रेम नव्हतं असं नाही. आयुष्यभराचं बोलणं पत्रांतून झालेलं, समोरासमोर काय बोलायचं तेच सुचत नव्हतं.

ती कोंडी फुटली गरीने, म्हणजे मासे पकडायच्या गळाने. यांचा एक बालमित्र यांना खाडीवर गरवायला घेऊन गेला. लहानपणी हे गरवायचे, ते मला तेव्हा कळलं. तिन्हीसांजेला परतले ते हाताला सुंगटांचा वास, पिशवीत दोन तांबोश्या आणि तोंडात अखंड बडबड. पाणी कसं होतं, गळ कुठे अडकला, तिसरी तांबोशी कशी निसटली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि माझा नवरा इतकं बोलू शकतो हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मासे साफ करता करता मी ऐकत राहिले. त्या रात्रीच्या कालवणाची चव अजून आठवते.

तेव्हापासून हे उधाण-भांग, म्हणजे भरतीचा जोर कमी-जास्त कधी ते, बघून जातात. कितीतरी दिवस रिकाम्या हाताने येतात. यांना एकाही माणसाने आजवर विचारलेलं नाही की या गरवण्यातून मिळतं काय. धक्क्यावर ग्रामपंचायतीचा दिवा आहे, बसायला कट्टा आहे, सोबतीला चार जण आहेत. पुरुषाने तीन तास पाण्याकडे बघत बसावं हे गावाला मान्य आहे. मलाही मान्य आहे; त्यातूनच मला माझा नवरा सापडला.

पण माझ्या हातात दुपारी पुस्तक दिसलं की शेजारीण हमखास विचारायची, "काय गो, आज काय काम नाय?"

वाचनालयात मी जाऊ शकत नव्हते, म्हणून हे माझ्यासाठी पुस्तकं आणू लागले. वर्षभर मी यांना आवडतील अशी पुस्तकं वाचली, लढायांची आणि खुनांच्या तपासाची. मग एकदा मी विळीवर नारळ खवत होते आणि हे पडवीत बसून पुस्तक चाळत होते. मी म्हटलं, मोठ्याने वाचा की. यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं करत एक अख्खी कादंबरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून संपली. तिच्यातल्या बाईने शेवटी नवऱ्याकडे परत जायला हवं होतं की नको, यावरून आमचं इतकं वाजलं की त्या रात्री जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही. मला तो राग फार आवडला. घर, मुलं, पैसे आणि दुखणी सोडून दुसऱ्या कशावर तरी आम्ही पहिल्यांदाच भांडलो होतो. पुढे यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी वाचू लागले आणि हे नारळ खवू लागले. खोबऱ्यात करवंटीचे काळे कण यायचे. मी ते काढून टाकायची, पण विळी परत मागितली नाही.

संसारातला आनंद म्हणजे मुलाची नोकरी, नातवाचं बारसं, घराची स्लॅब, असं आपण धरून चालतो. ते आनंद मोठे खरे, पण ते वर्षातून एखाद्या वेळी येतात. रोजच्या दिवसाला पुरतील असे आनंद बारीकच असतात, आणि ते आपोआप होत नाहीत. त्यांना रिकामा तास लागतो. तो तास नवराबायकोत कसा वाटला जातो, याचे सरकारी आकडे आहेत. देशभरात वेळेच्या वापराची पाहणी २०१९ मध्ये झाली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, ती कामं करणारे पुरुष ९७ मिनिटं. पुन्हा पाहणी झाली २०२४ मध्ये. बायकांची मिनिटं २८९ झाली. मी हा आकडा वाचून खूश झाले होते. मग पुरुषांचा वाचला, तो ८८ वर आला होता. म्हणजे २०२ मिनिटांचं अंतर २०१ वर आलं. मिक्सर आला, गॅस आला, नळ आला, आणि पाच वर्षांत दोघांमधलं अंतर एका मिनिटाने कमी झालं.

एवढ्यातूनही बाईने तास काढला तर त्याचं काय होतं ते बघा. आमच्या वाडीत एकजण अबोलीचे वळेसर, म्हणजे केसांत माळायचे गजरे, इतके सुरेख करते की बघत राहावं. दुपारी आंब्याखाली बसून करायची आणि ज्या घरी जाईल तिथे एक देऊन यायची. मग प्रशिक्षण आलं, बचत गटाची बैठक झाली, आणि तिला सांगितलं की हे विकायला काढ. तिने काढले. लग्नसराईत पन्नास-पन्नासची मागणी येऊ लागली. चार पैसे तिला मिळाले आणि ते तिच्या हक्काचे आहेत. स्वतःच्या पैशाची किंमत मनिऑर्डरवर संसार केलेल्या बाईला कोणी शिकवायला नको. पण आता ती आंब्याखाली बसत नाही. मी विचारलं तर म्हणाली, "आता ह्यां पण काम झाला गो."

बायकांसाठी म्हणून जे जे येतं ते असंच येतं. शिलाई मशीन, पापड, मसाले, कोकम सरबत. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात, आणि आमच्या गावात मी बघितलेला तो खर्च बहुतेक कमाईच्या प्रशिक्षणावरच झाला. बाईच्या हाताला काहीतरी लागायला हवं हे सगळ्यांना पटतं. तिच्या मनाला काय हवं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. पुरुषांचं तसं नाही. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याच्या, भजनाला देवळाचा सभामंडप मिळतो, जत्रेला रात्रभर दशावतार उभा राहतो, शाळेच्या मैदानावर अंडरआर्म क्रिकेटचे सामने दिव्यांच्या झोतात चालतात आणि त्यासाठी वर्गणी निघते. दशावतार तर मलाही जीव की प्राण आहे. राजाच्या तोंडचं ते ऐनवेळी रचलेलं भाषण ऐकायला मी पहाटेपर्यंत जागते. मला यातलं काहीही बंद व्हायला नको आहे. पुरुषांच्या विरंगुळ्यासाठी गावाने जागा, वेळ, उजेड आणि पैसा दिला आहे आणि त्याला कधी कमाईचा जाब विचारलेला नाही, एवढंच मी म्हणते आहे.

कोणी म्हणेल, बायकांनाही आहे की. मंगळागौर आहे, गौरी-गणपतीच्या फुगड्या आहेत, वटपौर्णिमा, हळदीकुंकू. आहे, आणि त्याची गोडी मीही भरभरून घेतली आहे. पण हे सगळे आनंद कशाला बांधलेले आहेत? नवरा जिवंत असण्याला.

माझ्या मोठ्या जाऊबाई फुगडीला उभ्या राहिल्या की बाकीच्या मागे सरायच्या. बसफुगडी, दंडफुगडी, कोंबडा, काहीही सांगा. साठाव्या वर्षीही दम लागायचा नाही. २०१६ ला भावोजी गेले. त्या वर्षीच्या गौरीला त्या मागच्या पडवीत बसून राहिल्या. त्यांना कोणी अडवलं नव्हतं, अडवायची गरजच नव्हती. वर्षाची सगळी बाहेर पडायची निमित्तं सवाष्णीची होती, ती एका दिवसात संपली. नवऱ्यासाठी त्या रडल्या, सगळ्यांनी सांत्वन केलं. फुगडी गेली त्यासाठी रडायची सोयसुद्धा नव्हती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं थांबलंच पाहिजे. पण त्याच्या पुढचाही विचार करायला हवा. कपाळाला कुंकू राहिलं, आणि संध्याकाळी जायला जागा नसेल तर ती बाई बसणार पडवीतच. जाऊबाईंना वाचता येतं. त्यांना कुणाचीही सवाष्ण न होता जाता येईल अशी गावात एकच जागा आहे, आणि ती पाच ते आठ उघडी असते. घरात सून नोकरीवरून दमून येते, संध्याकाळचा भात जाऊबाईच घालतात.

उलटही पाहिलं आहे. खालच्या वाडीत एका म्हाताऱ्यांची बायको गेली. ते भजनाला अजून जातात, टाळ धरतात, चार माणसांत बसतात. पण घरी आल्यावर त्यांना पेज करता येत नाही. शेजारून डबा जातो. पुरुषाला बाहेर कसं रमायचं ते येतं पण चूल पेटवता येत नाही, आणि बाईचं नेमकं उलट. दोघं असेपर्यंत हे चालून जातं. एक गेलं की मागे राहिलेल्याचं अर्धं आयुष्य बंद पडतं. यांनी नारळ खवायला घेतला तेव्हा मला जे बरं वाटलं त्यात हीही एक गोष्ट होती. आता यांना भात आणि कुळथाची पिठी येते. मी कधी नसले तर हे उपाशी राहणार नाहीत.

मी हा विषय गेल्या वर्षी महिला ग्रामसभेत काढला. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असा नियमच आहे. तिथे एक मुलगी म्हणाली की आजी, गावात डॉक्टर थांबत नाही, उन्हाळ्यात बावी आटतात, आणि तुम्ही वाचनालयाचं काय घेऊन बसलात? ती चुकीचं बोलत नव्हती. डॉक्टर आधी, पाणी आधी. पण क्रिकेटच्या मंडपाला वर्गणी मागायला येतात तेव्हा डॉक्टरचा मुद्दा मी कधी ऐकला नाही. तो आमच्याच वाट्याला का येतो? आणि मी मागितलं ते फुकट होण्यासारखं आहे. पाच ते आठऐवजी, किंवा त्यासोबत, दुपारी दोन ते साडेचार वाचनालय उघडं ठेवा. त्या वेळी जेवणं झालेली असतात, भांडी झालेली असतात, संध्याकाळचं काम सुरू व्हायचं असतं. पुस्तकं आहेत, टेबल आहे, पंखा आहे. कुलूप तेवढं काढायचं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वेळा येतो, की हे नवराबायकोचं घरातलं आहे, त्यांचं त्यांनी बघावं. माझा नवरा तर मला अडवत नव्हता. तरीही मला चाळीस वर्षं वाचनालयाचा उंबरा ओलांडता आला नाही. घरातली वाटणी बाहेरच्या वेळापत्रकाने पक्की होते, म्हणून तर मी गावाकडे बोट दाखवते.

एसटीचंच बघा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास आहे, पंचाहत्तरीच्या वरच्यांना त्याआधीपासूनच फुकट आहे. यांनी आणि मी तालुक्याला नाटक बघायचं ठरवलं. जायची गाडी होती, परत यायची नव्हती. शेवटची गाडी नाटकाच्या पहिल्या अंकातच सुटते. आम्ही मध्यंतरापर्यंत थांबलो आणि रिक्षाला जे पैसे मोजले त्यात आठवड्याचा बाजार झाला असता. तिकीट अर्धं केलं ही मोठी गोष्ट आहे, मी मनापासून म्हणते. आता नाटकाच्या दिवशी तरी वस्तीची गाडी दोन तास उशिरा सोडा.

कोकणाला वाचनाचं वावडं आहे असंही नाही. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते बुडालं तेव्हा माझी चिपळूणची भाची फोनवर रडली होती, घरात शिरलेल्या पाण्याबद्दल बोलताना रडली नव्हती ती. आणि नवराबायकोच्या छंदातून काय उभं राहू शकतं ते सावंतवाडीने दाखवलं आहे. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले या राजदांपत्याने मरायला टेकलेली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांची कला, हाताशी धरली, वृद्ध कारागिराकडून शिकून घेतली, आणि राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये ते गोल पत्ते रंगवणं पुन्हा सुरू केलं. दशावतारी गंजिफाचे दहा अवतारांचे १२० पत्ते मी तिथे यांच्यासोबत उभी राहून पाहिले. फार आनंद झाला. पण घरी येताना वाटलं, त्यांच्यापाशी दरबार हॉल होता. आमच्यासारख्या जोडप्यांना गावातली एक खोली आणि दुपारचे अडीच तास एवढंच लागतं.

आमच्याकडे आता किती दिवस आहेत ते कोणी सांगावं. सव्वादोन वर्षांच्या हिशेबात गेली बारा वर्षं मिळाली, म्हणून मला आणखी हाव सुटली आहे. हे गरवायला जावेत, मी वाचायला जावं, आणि संध्याकाळी दोघांकडे एकमेकांना सांगायला काहीतरी असावं. जाऊबाईंनाही जाता यावं, ज्यांच्याकडे संध्याकाळी ऐकायला कोणी नाही.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज तयार आहे. एकतीस सह्या झाल्या, त्यांत अकरा पुरुषांच्या, सगळे यांचे धक्क्यावरचे सोबती नि त्यांचे मित्र. पहिली सही जाऊबाईंची. ग्रंथपालांचा विरोध नाही, पण दुपारी त्यांचं दुकान असतं. तेव्हा त्या वेळी किल्ली कोणाकडे ठेवायची, एवढंच ठरायचं राहिलं आहे. माझं घर वाचनालयापासून चौथं.